जुन्या बाजारपेठांतील वायरिंग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या व्यापारी इमारतींमधील वीजजोडणीविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा आणि वास्को येथून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. वायर जुनी झाली की धोका आणि नवी टाकली की निर्धास्त, अशी समजूत बहुतेक पत्रांत दिसते. प्रत्यक्षात जुन्या इमारतीतला धोका बहुतेक वेळा सांध्यांत असतो आणि ज्या भारासाठी ती जोडणी कधी केलीच नव्हती त्या भारात असतो. म्हणून उत्तरांमध्येही या दोन गोष्टींवर अधिक भर आहे.

प्रश्न : म्हापशाच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान वडिलांच्या काळापासून चिऱ्याच्या जुन्या इमारतीत आहे. वायरिंग लाकडी पट्टीवरून गेलेले आहे. इतकी वर्षे कधी काही झाले नाही. गेल्या उन्हाळ्यात दोन एसी बसवले, तेव्हापासून फ्यूज सारखा उडू लागला, म्हणून वायरमनने किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खोबणीत) जाड तार घातली. आता फ्यूज जात नाही, पण एसी सुरू झाला की दिवे मंदावतात आणि बोर्डाजवळ अधूनमधून जळकट वास येतो. यात धोका आहे का? (एक व्यापारी, म्हापसा)

होय, आणि तो आजचा धोका आहे. हे उत्तर वाचून झाल्यावर पहिली गोष्ट करा, ती म्हणजे दोन्ही एसी बंद ठेवा आणि बोर्ड उघडून तपासल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नका. कापडाच्या दुकानात या बाबतीत उद्यावर ढकलण्यासारखे काही नसते.

आता कारण पाहू. आपल्या वडिलांच्या काळी दुकानात चार दिवे, दोन पंखे आणि फार तर एक रेडिओ असे. त्या काळचे वायरमन ज्यांना एक-अठरा किंवा तीन-बावीस म्हणत, त्या तारा अशा पाच अँपिअरच्या दिवाबत्तीच्या सर्किटसाठी पुरेशा होत्या. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारांची वायर, जिचे क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर भरते. दीड टनाचा एक एसी चालू असताना साधारण सात-आठ अँपिअर प्रवाह ओढतो. असे दोन एसी आणि त्यावर दुकानाचे दिवे-पंखे मिळून प्रवाह अठरा अँपिअरच्या पुढे जातो. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. त्या जुन्या वायरवर रबराचे आवरण असेल, तर ते इतक्या वर्षांत कडक होऊन भेगाळलेले असणार, आणि खाली वाळलेले लाकूड आहेच.

फ्यूज उडत होता तो बिघाड नव्हता. फ्यूजची तार संपूर्ण सर्किटमधील सर्वांत कमजोर जागा असावी, अशीच तिची योजना असते, जेणेकरून भार वाढला की भिंतीतली वायर जळण्यापूर्वी ती वितळावी. तिच्या जागी जाड तार घातल्याबरोबर सर्वांत कमजोर जागा बदलली. आता ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. ती माळ्यावरच्या गठ्ठ्यांमागेही असू शकते. किटकॅट काढून एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, बसवला की प्रश्न सुटला, असे मानणारेही बरेच आहेत. एमसीबी बसवणे योग्यच आहे, पण तो वायरच्या क्षमतेनुसार निवडावा लागतो. ३२ अँपिअरचा एमसीबी सुमारे ३६ अँपिअर प्रवाह तासभर चालू राहिला तरी मानकानुसार पडणे अपेक्षित नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरसाठी तो बसवला, तर संरक्षण केवळ नावापुरते उरते.

आपण लिहिलेल्या वासाकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. सैल झालेल्या एखाद्या सांध्याचा रोध अर्धा ओहम इतकाच वाढला आणि त्यातून दहा अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर त्या एका बिंदूवर पन्नास वॅट उष्णता निर्माण होते. डाग देण्याच्या चालू कावियाइतकी ही उष्णता बोर्डाच्या आत तासन्‌तास टिकते. दाब मात्र फक्त पाच व्होल्टने कमी होतो, आणि प्रवाह वाढत नसल्यामुळे फ्यूज, एमसीबी किंवा आरसीसीबी (जमिनीकडे वीजगळती झाली की पडणारा स्विच) यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. अशा आगीनंतर सर्रास ‘शॉर्ट सर्किट’ म्हटले जाते, पण शॉर्ट सर्किट कित्येकदा शेवटी होते. त्याआधी काही महिने सांधा तापत राहिलेला असतो. तापलेल्या बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या स्विचच्या कडक प्लास्टिकचा, वास अनेकांना खराब झालेल्या मासळीसारखा वाटतो. म्हापशासारख्या ठिकाणी, जिथे मासळी बाजार हाकेच्या अंतरावर असतो, तिथे हा वास आत कुठून येतो आहे हे शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. स्विच किंवा सॉकेटभोवती तपकिरी डाग, बोर्डातून येणारी बारीक गुणगुण, हाताला कोमट लागणारे प्लगचे टोक, ही त्याच आजाराची लक्षणे आहेत.

प्रत्येक एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वायरला साजेसा स्वतंत्र एमसीबी द्यावा. जुन्या दिवाबत्तीच्या सर्किटमधून एसीला जोडणी घेऊ नये. मंजूर भार वाढवून घेण्यासाठी वीज खात्याकडे अर्जही करावा लागेल. पुष्कळ व्यापारी हा अर्ज टाळतात, पण तो टाळला तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मीटर जुन्याच भाराच्या हिशेबाने राहतात. लाकडी पट्टीवरचे वायरिंग निदान डोळ्यांना दिसते, हा त्यातला एकच गुण. त्याचा उपयोग करून घ्या आणि माळ्यावरचा माल हलवून संपूर्ण वाट एकदा स्वतः पाहा.

प्रश्न : मडगावातील आमची इमारत १९७०च्या दशकातील आहे. आतील वायर अ‍ॅल्युमिनियमची आहे. दोन वर्षांपूर्वी सर्व स्विचबोर्ड नवे, मॉड्युलर बसवले. वायरमन म्हणतो की वायर अजून चांगली आहे, बदलण्याची गरज नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (पुस्तक-विक्रेते, मडगाव)

त्याचे म्हणणे वायरच्या मधल्या भागापुरते बरोबर असू शकते. प्रश्न वायरच्या दोन टोकांचा आहे.

तांबे महाग आणि बव्हंशी आयात करावे लागणारे असल्यामुळे त्या काळी देशभर घरांत आणि दुकानांत अ‍ॅल्युमिनियमची वायर वापरली गेली. या धातूच्या तीन खोडी आहेत. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, आणि तो थर वीज वाहू देत नाही. स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो, त्यामुळे आज घट्ट बसवलेला स्क्रू काही वर्षांनी आपोआप सैल होतो. तापला की तो तांब्यापेक्षा आणि पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि थंड झाला की तितकाच आकसतो, त्यामुळे दिवसातून अनेकदा भार चढउतार झाला की सांधा खिळखिळा होत जातो. याला गोव्याच्या खारट, दमट हवेची जोड मिळाली की जिथे अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ एकमेकांना चिकटलेले असतात तिथे गंज धरतो. आपण नवे बोर्ड बसवलेत तेव्हा प्रत्येक जुने टोक कापून, घासून नव्या पितळी टर्मिनलमध्ये बसवले गेले असणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांब्याचा छोटा तुकडा पिळा देऊन जोडून वर टेप गुंडाळला गेला असणार. दुकान नवे दिसते, आणि सर्वांत धोकादायक सांधे या नव्या बोर्डांच्या मागेच असतात.

हलगर्जीपणे केलेल्या एका सांध्याचा परिणाम काय होऊ शकतो, हे दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या दुर्घटनेने दाखवून दिले. १३ जून १९९७ रोजी सकाळी तेथील ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला आणि त्याची घाईने दुरुस्ती करण्यात आली. केबलचा सांधा नीट दाबून घट्ट केलेला नव्हता. ठिणग्या उडून केबल निसटली, ट्रान्सफॉर्मरचे तेल बाहेर पडून पेटले, आणि त्या धुरात ५९ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. बहुतेकांचा जीव बाल्कनीतून बाहेर पडण्याची वाट अडलेली असल्यामुळे गुदमरून गेला. ट्रान्सफॉर्मर आणि दुकानातला बोर्ड यांच्या आकारात अर्थातच फार अंतर आहे, पण सैल सांधा, ठिणगी, ज्वलनशील पदार्थ आणि अडलेली वाट हा क्रम तोच असतो.

आपण ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशनची, म्हणजे वायरच्या आवरणाची, चाचणी करून घ्या, आणि प्रत्येक सर्किटचे वाचन किमान एक मेगाओहम येते का ते पाहा. मात्र ते वाचन उत्तम आले तरी सांधे चांगले आहेत असा त्याचा अर्थ होत नाही, कारण मेगर आवरण तपासतो, जोड तपासत नाही. सांध्यांसाठी पूर्ण भार चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने बोर्डांची पाहणी करावी लागते. ही सोय देणारे ठेकेदार आता गोव्यातही मिळतात. माझे मत विचाराल, तर पुस्तकांच्या दुकानात लहान क्षेत्रफळाची अ‍ॅल्युमिनियम वायर ठेवू नये. टप्प्याटप्प्याने का होईना, ती तांब्याने बदला, आणि तोवर जिथे दोन धातूंचा सांधा टाळता येत नाही तिथे पिळा आणि टेप न वापरता त्यासाठीच बनवलेले द्विधातू लग (दोन धातूंची जोडटोके) क्रिंप करून, म्हणजे अवजाराने घट्ट दाबून, वापरा.

प्रश्न : पणजीत तिसऱ्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. बसवलेला आरसीसीबी पावसाळ्यात दिवसातून अनेकदा पडतो. वायरमनने तो ‘बायपास’ करून दिला आहे. पावसाळा संपला की पुन्हा जोडू, असे तो म्हणतो. हे चालेल का? (एक सनदी लेखापाल, पणजी)

चालणार नाही. पावसाळ्यातच ज्याची सर्वाधिक गरज आहे तेच संरक्षण पावसाळ्यापुरते काढून टाकले गेले आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पडतो, म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नाही आणि काही भाग भिंतीतून, एखाद्या यंत्राच्या धातूच्या अंगातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जातो आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चिऱ्याची भिंत पाणी शोषून घेते. वायरिंगच्या जुन्या पाइपांत ओल साचते, आवरणाच्या भेगांमधून गळती सुरू होते, आणि आरसीसीबी नेमके तेच सांगत असतो.

जुन्या इमारतींत दुसरे एक कारणही वारंवार आढळते. शेजारच्या खोलीचा किंवा जिन्याच्या दिव्याचा न्यूट्रल आपल्या सर्किटमध्ये मिसळलेला असतो. कार्यालयाचे भाग पाडताना, मध्ये लाकडी आडभिंती घालताना कोणीतरी जवळचा न्यूट्रल उचललेला असतो आणि त्याची कुठेही नोंद नसते. अशा वेळी वायर ठणठणीत असली तरी आरसीसीबी पडतच राहतो. यावर उपाय एकच. एकेक सर्किट वेगळे करून तपासायचे आणि दोष सापडेपर्यंत थांबायचे नाही. यात वायरमनचा एक पूर्ण दिवस जाऊ शकतो. तो दिवस त्याला द्या आणि त्याची मजुरीही द्या. सर्व सर्किटे एकाच आरसीसीबीवर असतील तर ती दोन-तीन आरसीसीबींवर विभागून घ्या, म्हणजे एका ओल्या कोपऱ्यामुळे सगळे कार्यालय अंधारात जाणार नाही. दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा त्यावरचे टेस्टचे बटण दाबत जा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी पाळली जात नाही. इन्सुलेशनची चाचणी जुलैमध्ये आणि अर्थिंगची चाचणी मे महिन्यात करावी. मार्चमध्ये कोरड्या भिंतीत प्रत्येक वायर उत्तम दिसते, आणि ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत प्रत्येक अर्थिंग उत्तम दिसते. एप्रिल-मेमध्ये आपली जांभ्याची जमीन सुकते, तेव्हा अर्थिंगचा रोध कितीतरी वाढलेला असतो. कागदावर दोन्ही आकडे चांगले येण्यासाठी सोयीचा महिना निवडला, तर चाचणीला काही अर्थ राहत नाही.

प्रश्न : फोंड्यातील आमच्या इमारतीत अकरा दुकाने आणि वर काही कार्यालये आहेत. सर्व जुने भाडेकरू आहेत. मीटर बोर्ड जिन्याखाली आहे. मालक म्हणतात, भाडे नाममात्र आहे, वायरिंग तुम्ही बदला. आम्ही म्हणतो, इमारत तुमची आहे. कोणी करायचे? (भाडेकरू, फोंडा)

हा वाद गोव्यातील कितीतरी बाजारपेठांत वर्षानुवर्षे चालू आहे, आणि १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुन्या भाडेकरारांत तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. करारात काय लिहिले आहे यावर कायदेशीर उत्तर अवलंबून असल्यामुळे त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. मी तांत्रिक बाजू सांगतो.

मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मीटर वीज खात्याच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्या सीलला कोणीही हात लावू नये. मीटरनंतरची जोडणी ग्राहकाची असते, म्हणून आपल्या दुकानातील वायरिंगसाठी मालकाची वाट पाहत बसणे हे स्वतःच्याच मालाला आणि माणसांना धोक्यात ठेवणे आहे. उरतो तो सामाईक भाग, म्हणजे जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप, वर जाणाऱ्या केबली आणि त्यांचा मेन स्विच.

या सामाईक भागाला हलके घेऊ नका. तीन फेजच्या पुरवठ्यात सर्वांचा मिळून असलेला न्यूट्रल जर जिन्याखालच्या बोर्डात सैल झाला, तर काही दुकानांत दाब २३० व्होल्टवरून ३००च्याही पुढे जाऊ शकतो आणि इतरत्र तो निम्म्यावर येऊ शकतो. एका दुकानातले दिवे अचानक प्रखर होतात, त्याच वेळी शेजारच्या दुकानातले मंद होतात, फ्रिज आणि संगणक जळतात. असे एकदा जरी घडले असेल, तर मेन स्विच बंद करून त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी.

जिन्याखालचा मीटर बोर्ड हा तर माझ्या लेखी सर्वांत गंभीर मुद्दा आहे. पणजीतल्या अशाच एका इमारतीत मी पाहिलेले चित्र सांगतो. लाकडी फळीवर ओळीने मीटर, त्यांच्याखाली चिनी मातीचे किटकॅट, त्यांतल्या काहींची झाकणे गायब, एका किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी केबलचे पीळ दिलेले तीन पदर, आणि त्याला टेकून रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची आणि जुन्या पाट्यांची रास. जिना लाकडी होता आणि वरच्या दोन मजल्यांना उतरायला दुसरी वाट नव्हती. त्या बोर्डाने पेट घेतला असता, तर वरच्या माणसांची सुटकेची एकमेव वाटच धुराचे धुराडे बनली असती. आपल्याकडे अशी खोकी असतील तर ती आजच हलवा. त्यासाठी मालकाची परवानगीही लागत नाही आणि पैसाही.

नंतर सर्व भाडेकरूंनी मिळून परवानाधारक ठेकेदाराकडून लेखी तपासणी अहवाल घ्यावा, तो मालकांना पोच घेऊन द्यावा, आणि त्याची प्रत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आणि नगरपालिकेत दाखल करावी. तोंडी तक्रारीने काही हलत नाही. मोजलेले आकडे असलेला कागद मात्र कोणालाही सहजासहजी बाजूला सारता येत नाही. खर्चाची वाटणी वादात असली, तरी हक्क राखून ठेवून काम आधी करता येते का, हे वकिलांना अवश्य विचारा.

प्रश्न : वीज गेल्यावर आम्ही बेकरीसाठी छोटा जनरेटर चालवतो. त्याची वायर दुकानातल्या सॉकेटमध्ये लावतो आणि मेन स्विच बंद करतो. हे पुरेसे आहे ना? (बेकरी-चालक, वास्को)

नाही, आणि ही पद्धत कृपा करून आजच थांबवा. मेन स्विच बंद करायला एकदा कोणी विसरले, तर आपली वीज उलट दिशेने रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो, आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाईनमन त्यात सापडतो. शिवाय दोन्ही टोकांना पिना असलेली ती वायर सॉकेटमधून निसटली की उघड्या पिनांवर जिवंत वीज असते. सिंगल फेजसाठी दोन पोलचा आणि तीन फेजसाठी चार पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्यामुळे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात आणि एका वेळी एकाच बाजूची वीज आत येऊ शकते.

प्रश्न : वायरिंगमुळे आग लागली तर विमा कंपनी भरपाई देते का? (किराणा व्यापारी, म्हापसा)

आगीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत ज्या यंत्रात किंवा जोडणीत शॉर्ट सर्किट झाले त्याचे स्वतःचे नुकसान वगळलेले असते, पण तिथून पसरलेल्या आगीने इतर मालाचे झालेले नुकसान सामान्यतः धरले जाते. आपल्या पॉलिसीतील अटी वाचा आणि वायरिंगचे तपासणी अहवाल दुकानाबाहेर दुसरीकडे जपून ठेवा.

प्रश्न : वरच्या मजल्यावर मी शिवणवर्ग चालवते. या विषयातले मला काही कळत नाही. काम नीट झाले की नाही हे मी कसे ओळखावे? (एक वाचक, म्हापसा)

आपल्याला तंत्र कळण्याची गरज नाही. योग्य कागद मागता आला तरी पुरेसे आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे असते. म्हणून आधी परवाना पाहायला मागा आणि त्याची मुदत बघा. वायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असतो. भेंडोळे उघडण्यापूर्वी तो स्वतः वाचा. काम झाल्यावर कोणता एमसीबी कशासाठी आहे याची पट्टी बोर्डावर मराठीत लावून घ्या, आणि इन्सुलेशन व अर्थिंग या दोन चाचण्यांची वाचने तारखेसह लेखी घ्या. जुन्या बोर्डात न्यूट्रलवरही फ्यूज असतो. तो उडाला की दिवा विझतो, पण फेज जिवंतच राहतो, आणि वीज गेली असे समजून कोणी शिलाई यंत्राची वायर उघडायला बसते. तो फ्यूज काढून तिथे सरळ लिंक बसवली का, हे नाव घेऊन विचारा.

आणि शेवटचे पैसे देण्यापूर्वी मेन स्विच बंद करवून, आपण निवडाल तो एक बोर्ड आपल्यासमोर उघडायला सांगा. आत टेप गुंडाळलेला पिळा दिसला, स्क्रूखाली वायरचे निम्मेच पदर गेलेले दिसले, किंवा अर्थिंगची हिरवी वायर कुठेही न जोडता नुसती मागे दुमडून ठेवलेली दिसली, तर उरलेले सगळे बोर्डही उघडायला लावा.